वाकळेचं पोट

साहेब, तुम्ही चोरी केलीत. मेलेल्या पोरीच्या अंगावरची वाकळ काचेत घातलीत आणि खाली पाटी लावलीत: ‘वेदीवरचे वस्त्र. कर्ती अज्ञात.’

कर्ती जिवंत होती. कळंब्याची चिमणाबाई, वय ऐंशी. चाळीस वर्षांमागं तिची सात वर्षांची लेक लेआ मिशनच्या दवाखान्यात तापानं गेली. लेआच्याच जुन्या परकरांची शिवलेली वाकळ तिथंच राहिली. यंदा म्हातारी अंथरुणाला खिळली. मुलाला, आकारामला, एकच सांगायची, “मातीत घालताना माझ्यावर लेआची वाकळ टाक. दुसरं कायबी नको.”

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आकाराम मिशनच्या जुन्या बंगल्यातल्या तुमच्या संग्रहालयात ती वाकळ शोधत आला. उद्यमनगरातला फिटर, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. चांदीचे प्याले बघितले, वाळवी लागलेला क्रूस बघितला, आणि कोपऱ्यातल्या काचपेटीपाशी थांबला. वाकळ फळीवर पसरलेली. मधोमध उंचवटा.

“खाली काय घातलंय?”

“काय न्हाय, पावणं,” राखणदार पिराजी म्हणाला. “रोज सकाळी पेटी उघडून चेपतोय. दुपारपतोर पुन्हा फुगतीय. उंदीर असंल म्हणून उचलून बगितली की. नुसती फळी.”

“आई वाकळंच्या पोटात भाकरीचा तुकडा शिवायची. उपाशी वाकळ ऊब देत न्हाय म्हणायची.”

पिराजी हसला. “चाळीस वर्सांची शिळी भाकरी फुगती व्हय?”

आकारामनं खिशातली पट्टी काचेला लावली. तीन फुटाला थोडं कमी. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेतल्यासारखं.

त्यानं तुमच्याकडं अर्ज केला. आईचा अंगठा आणला, लेआच्या बाप्तिस्म्याचा दाखला आणला. तुम्ही म्हणालात, “आमच्या वहीत अज्ञात लिहिलंय, म्हणजे अज्ञात.”

मंगळवारी चिमणाबाई गेली. बाजारातल्या कोऱ्या चादरीत पुरली.

बुधवारी भर दुपारी आकाराम दाखला परत न्यायला आला. पिराजी बाहेर पायरीवर बसला होता.

“आज चेपली न्हाय,” तो म्हणाला. “हात लावू वाटंना.”

आकाराम एकटाच आत गेला.

उंचवटे दोन होते.

मोठा लहानाला पोटाशी घेऊन.

त्यानं पट्टी काढली आणि तशीच खिशात घातली.

उशाकडच्या काचेवर आतून वाफ धरली होती. दोन जागी. विरत होती, पुन्हा धरत होती.

साहेब, ती पेटी उघडून वाकळ चिमणाबाईच्या मातीवर नेऊन घालणार का न्हाय? बोला.