नळीतली जांभळी साय

आज पोराची पाचवी. घरी पूजा मांडलेली, आणि पोर मात्र रुग्णालयातल्या काचपेटीत निपचित पडलेलं.

डॉ. यामिनी वळवींनी त्याच्या रक्तात सापडलेले जंतू विकरपट्टीवर टेकवले. जंतूंकडे कोणतं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे ते ही पट्टी रंगाने सांगते. पट्टी जांभळी झाली.

"जंतू मारायचं नेहमीचं औषध, जेंटामायसिन, याला लागू पडणार नाही," त्या म्हणाल्या.

"औषध खोटं निघालं?" पोराचा बाप भीमसिंग बोअरचे पंप दुरुस्त करायचा. हात धुऊनही ग्रीसचा वास जात नव्हता.

"औषध खरंच आहे. जंतूच्या पोटात प्रथिनं बनवणारं यंत्र असतं. औषध त्यात पान्यासारखं बसतं आणि यंत्र बिघडवतं. पण या जंतूचं विकर पान्याच्या जबड्यावर बारीकसा लपका चिकटवतं. मग पाना बसतच नाही."

"आमच्या हेल्परसारखंच की! सगळ्या पान्यांना काहीतरी फासून ठेवतो."

"त्याच हेल्परला आज भलत्या कामाला लावायचंय. नवा भूलरेणू आलाय, पान्याचं नुसतं सोंग. विकर त्याला लपके लावत बसेल, तोवर खरं औषध आत शिरेल."

दुसऱ्या दिवशी पोराने पाय झाडले. तिसऱ्या दिवशी दूध ओढलं. आई रडता रडता हसली.

यामिनी मात्र थांबल्या नाहीत. जंतू आला कुठून? त्यांनी आणि हेमा सिस्टरांनी हात, नळ्या, पेट्या, सगळं तपासलं. कुठेच रंग नाही. शेवटी पट्टी बेसिनच्या भोकात घातली. तिथल्या बुळबुळीत सायीने ती गडद जांभळी झाली. नळ सोडला की याच सायीचे शिंतोडे आसपास उडत असणार.

"उरलेलं इंजेक्शन इथंच ओततो ना आपण," सिस्टर हळूच म्हणाल्या. "सगळेच. रोज."

रोज थोडं थोडं औषध, आणि त्यातून तगणारे नेमके विकरवाले जंतू!

यामिनींनी बेसिनचा नळ बंद करून भोकावर चिकटपट्टी मारली. मागे वळून पाहतात तो सिस्टर उरलेला भूलरेणू घेऊन सवयीने शेजारच्या बेसिनकडे निघालेल्या.

"सिस्टर, थांबा!" त्यांनी मनगटच धरलं. "तो जाळायच्या डब्यात. सोंग ओळखायलाही शिकतील ते!"

पोराजवळून उठून आलेला भीमसिंग बेसिनखाली वाकून नळी ठोकून बघत होता. "मॅडम, इथलं बंद केलंत. पण इतकी वर्षं ओतलेलं गेलं कुठं?"

"चला, बघूच," म्हणत यामिनींनी उरलेल्या पट्ट्या खिशात टाकल्या.

नळीच्या मागावर दोघं कुंपणाबाहेर आली. तिथे ती एका ओढ्यात सुटत होती, आणि ओढ्याकाठी बायका बाजारासाठी पालक धूत होत्या. यामिनींनी वाकून पट्टी पाण्यात धरली.

कोणता रंग येईल?