सोड्याने धुतलेली पेटी

"कुनी धुतलं ह्ये? ...मी इचारतोय, कुनी धुतलं?"

सासऱ्यांचा, दादाभाऊंचा आवाज अंगणातून थेट चुलीपर्यंत आला आणि रत्नाच्या हातातला ओल्या गोधड्यांचा पिळा तसाच राहिला. ती नुकतीच कुकडी नदीवरून धुणं घेऊन मागच्या दारानं आली होती. उद्या घट बसायचे होते. त्याआधी घरातलं झाडून सगळं पाण्यातून काढायचं, धुतल्याशिवाय चिंधीसुद्धा घरात ठेवायची नाही, हा रिवाज जुन्नरातल्या इतर घरांसारखाच या घरातही कडक होता, आणि सासूबाई म्हणजे बायडाबाई त्यात कुणाचं ऐकत नसत.

ती बाहेर धावली. अंगणात पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर सासऱ्यांची पेटी रिकामी होऊन वाळत पडली होती! छर्‍याच्या बंदुकांच्या नेम धरायच्या जुन्या माश्या, नळी साफ करायचे पितळी गज, तेलाच्या कुप्या, छर्‍यांच्या पत्र्याच्या डब्या, चामड्याचे वायसर, कातडी पट्टे... सगळं सोड्याच्या कढत पाण्यात घासून लख्ख केलेलं. डब्यांवरची रंगीत चित्रं सोलून गेली होती. चामडं उन्हात वाकडं होऊन तडकलं होतं. आणि पोत्याच्या कडेला, घासायची नारळाची शेंडी पदराआड लपवून, बायडाबाई उभ्या होत्या. त्यांचं तोंड पार उतरलं होतं.

दादाभाऊंनी खाली वाकून एक चामडी पिशवी उचलली आणि नाकाला लावली. पुन्हा लावली. मग ती आतून उलटी करून हुंगली.

त्या पिशवीचं महत्त्व रत्नाला ठाऊक होतं. ती सयाजीदादांची, दादाभाऊंच्या थोरल्या भावाची. बाजारपेठेतल्या गल्लीत दोघा भावांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. ओझरच्या जत्रेत फुगे फोडायला लावतात त्या बंदुका, नारायणगावच्या द्राक्षबागांत पाखरं उठवायला ठेवतात त्या बंदुका, सगळ्या त्यांच्याकडे यायच्या. नारायणगावच्या रस्त्यावर जीप उलटून सयाजीदादा गेले, आणि मागे राहिलं ते दुकान, आणि दुकानातला वास. रॉकेल, ग्रीस, बंदुकीच्या अक्रोडाच्या लाकडी दस्त्याचा भुसा, एरंडेलात मुरलेलं चामडं. दादाभाऊ रविवारी एसटीनं पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे, कुणीही न विचारलेल्या जुन्या माश्या आणि पट्टे पिशवीभर घेऊन यायचे, आणि घरी न येता आधी दुकानात जाऊन त्यांना तेल पाजायचे. लोक म्हणायचे, म्हातारा भंगार गोळा करतो. रत्ना मात्र जाणून होती, तिथं बसलं की त्यांना आपला भाऊ शेजारी बसल्यासारखा वाटायचा!

यंदा त्यांचे हात थरथर कापायला लागले म्हणून दुकान सोडलं. तिथं एसटीडी बूथ आला. पेटी घरात आली ती श्रावणात. आणि आज...

"बोला की! का सगळ्यांची दातखीळ बसली?"

रत्नानं सासूकडे पाहिलं. बायडाबाईंचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. आणि रत्नाला तो मागचा प्रसंग आठवला. ती लग्न होऊन आली त्या साली दादाभाऊ अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बायडाबाईंनी दुकानातली सयाजीदादांची ऐरण भंगारवाल्याला घातली होती. दादाभाऊ उठून बसले, त्यांना कळलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. "संपत, तुज्या आईला सांग भाकरी वाढ म्हनून." बायको समोर बसलेली असायची! असं वर्ष गेलं. रत्नाला समृद्धी झाली, बारशाच्या दिवशी नाव कानात सांगताना म्हातारा विरघळला, तेव्हा कुठे घरात एकमेकांना हाक मारली गेली. ते वर्षभर बायडाबाई रात्री उशी तोंडावर घेऊन रडायच्या ते रत्नानं पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. आता पुन्हा तेच झालं तर ही बाई जगायची नाही.

"मी धुतलं, मामा," रत्ना म्हणाली.

बायडाबाईंनी दचकून मान वर केली. रत्नानं डोळ्यांनीच त्यांना गप्प बसवलं.

"तू?" दादाभाऊंचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुला पोरीवानी वागवली गं मी... ही आंबेगावच्या डोंगरातली पोर, हिला काय कळतंय म्हनून लोकं हसली, तवा म्याच म्हनलं, समद्यांपेक्षा हिलाच जास्त कळतंय! आन् तू माझ्या दादाचा वास धुवून टाकलास?"

संध्याकाळी रत्नाचा नवरा संपत दूध संघातून आला. त्यानं सगळं ऐकलं, आणि वडलांचा स्वभाव त्याला ठाऊक असल्यामुळे, म्हणजे खरं तर स्वतःचा भित्रा स्वभाव ठाऊक असल्यामुळे, तो बायकोलाच म्हणाला, "हात लावायच्या आधी इचारायचं तरी."

तिनं त्याच्यापुढे ताट वाढून ठेवलं.

नऊ दिवसांचे उपवास तिचेही होते, त्यामुळे तिचं न जेवणं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. दादाभाऊंनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. चहा ठेवला की उठून जायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संपतला बजावलं, "दसरा झाला की हिला म्हायेरी धाड. माझ्या डोळ्यापुढं नको." संपतनं मान हलवली आणि मेव्हण्याला, भिकाला, निरोप पाठवला. दळण, सारवण, घटाला रोजची माळ, सगळं रत्ना मुकाट्यानं करत राहिली. पण देवघरात एकटी असली की ती देवीला विचारायची. आई गं, मी खोटं बोलले ते चुकलं का? समृद्धीला घेऊन जाऊ, की ठेवून जाऊ? आणि नेलं तर पुन्हा आणायला कोण येईल?

बायडाबाई तिला चुलीशी गाठून म्हणायच्या, "रत्ना, सांगते गं मी त्यान्ला..."

"नगा सांगू आत्या. माझ्यावरचा राग जाईल चार महिन्यांनी. तुमच्यावरचा नाय जायचा."

आणि बायडाबाई पदर तोंडात धरून बाजूला व्हायच्या. त्या भित्र्या होत्या, वाईट नव्हत्या. माणूस एकदा अबोल्यानं पोळला की शब्दाला भितो.

खंडेनवमी उजाडली. घराघरांत हत्यारं पुजायची. पाटावर कोयता, विळे, संपतचे पाने, शिलाई मशीनची कात्री मांडून झाली. दादाभाऊ खोलीतून बाहेर आलेच नाहीत. दरवर्षी ते दुकानात बंदूक पुजायचे. यंदा पेटीबरोबर घरी आलेली ती बंदूक भिंतीला टेकून तशीच धूळ खात होती. रत्नाला राहवलं नाही. तिनं ती हलक्या हातानं पुसली, पाटावर आडवी ठेवली आणि हळदीकुंकवाचं बोट पुढे केलं.

"हात लावू नको तिला!"

दादाभाऊ दारात उभे होते. "माझ्या कुठल्याच वस्तूला हिनं आता हात लावायचा न्हाई! संपत, उद्या सोनं लुटून झालं की परवा पहिल्या गाडीत बसव हिला!"

रत्नानं बोट मागे घेतलं. कुंकू तिच्याच तळहातावर सांडलं. समृद्धी भेदरून आईच्या पदराला धरून रडायला लागली.

बायडाबाईंच्या हातात आरतीचं ताट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"तिला नगा धाडू," त्या म्हणाल्या. "मला धाडा. म्या धुतलं."

दादाभाऊ दारातून एक पाऊल आत आले.

"काय म्हनलीस?"

"म्या धुतलं. ती नदीवर व्हती. तुमी वरडलात आन् माझी वाचाच बसली, म्हनून तिनं आपल्या अंगावर घेतलं." बायडाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज आता थांबत नव्हता. "जल्मभर तुमचं समदं दुकानात. तुमचा जीव दुकानात, तुमचा भाऊ दुकानात. घरात तुमी निस्तं निजाया आलात. ह्या साली पहिल्यांदा तुमी तुमची पेटी घरी आनली... मला लई बरं वाटलं व्हतं वो! म्हनलं, आता ही घरचीच झाली. मग घट बसताना घरचं समदं धुवायचं आन् तिलाच कशी ठेवू? लेकराला न्हाऊ घालावं तशी एकेक वस्तू घासली. वास जाईल ह्ये माझ्या डोक्यातच आलं नाय. मला तर तो वास तुमच्या सदऱ्याला यायचा, पेटीला बी येतो ह्ये म्या कधी बघितलंच नव्हतं."

दादाभाऊ भिंतीला धरून खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "तवाच का नाय बोललीस?"

"ऐरण इकली तवाचं वरीस इसरले नाय मी."

त्यांनी रत्नाकडे पाहिलं. "आन् तू? तुला काय पडलं व्हतं?"

रत्नाला बोलायचं नव्हतं. पण इतक्या दिवसांचं दाटलेलं एकदम वर आलं. "तुमी माझ्याशी नाय बोललात तर मला बाकीची मानसं हायेत, मामा. आत्याला कोन हाय? त्यान्ला तुमीच."

दादाभाऊ उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेले. संपत मागे जायला निघाला तशी रत्ना म्हणाली, "जाऊ द्या त्यान्ला." ते बाजारपेठेत एसटीडी बूथसमोरच्या कट्ट्यावर दुपारभर बसलेले लोकांनी पाहिले. अंधार पडायच्या आत घरी आले, न जेवता निजले. रत्नानं रात्री आपली पिशवी भरली. निकाल काय लागला ते तिला कळलंच नव्हतं, आणि विचारायची तिची छाती नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी भिका आला. बहिणीचा चेहरा पाहून त्यानं काहीच विचारलं नाही, ओसरीवर बसून राहिला. तिन्हीसांजेला गावाची शीव ओलांडून दादाभाऊ आणि संपत आपट्याची पानं घेऊन परतले. बायडाबाईंनी दोघांना ओवाळलं. आता धाकट्यांनी थोरल्यांच्या हातात सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. समृद्धी पानं मुठीत धरून आजोबांकडे धावली, पण दादाभाऊ थांबले नाहीत. ते आधी बायडाबाईंसमोर उभे राहिले.

"घे," ते म्हणाले. "पेटी घरातच ऱ्हानार हाय. फुडच्या साली धुशील तवा मला हाक मार, चामडं तेवढं म्या बाजूला काढीन."

बायडाबाईंना हसावं की रडावं कळेना. नवऱ्यानं कधी त्यांना सोनं दिलंच नव्हतं.

मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आत रत्ना पुरण वाटत होती. सासरे दारात आलेले पाहून ती गडबडीनं उठली, पदर सावरला, आणि पाया पडायला वाकणार एवढ्यात त्यांनी तिला खांद्याला धरून थांबवलं आणि तिच्या पुरणानं माखलेल्या हातात आपट्याची पानं ठेवली.

"मामा, आवं... आधी आमी द्यायचं असतंय!"

"ठावं हाय मला. आधी धाकट्यानं द्यायचं असतंय." ते म्हणाले. "म्हनूनच देतोय. ह्या घरात आज समद्यात धाकटा मी हाय, रत्ना."

आणि तो उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला म्हातारा सुनेच्या पायाशी वाकायला लागला! रत्नानं किंकाळीच फोडली, त्यांचे हात वरच्यावर धरले आणि त्या हातांवर कपाळ टेकून ती हमसून हमसून रडली, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ओसरीवर भिका घाबरून उठला. दादाभाऊंनी डोळे पुसले आणि त्याला हाक मारली.

"पावणं, आत या. पोटभर जेवा, मुक्काम करा. पन सकाळच्याला एकट्यालाच जावं लागंल तुमास्नी."

मग ते तिथेच उंबऱ्याशी मांडी घालून बसले. "रत्ना, पानी दे गं," ते म्हणाले, आणि रत्ना तांब्या भरायला वळली.