जोत्याचं माप

मे महिन्याच्या अखेरीस धरणाचं पाणी उतरलं आणि धोंडूबाईच्या बुडालेल्या घराचं जोतं वर आलं. सापगावात तिचं नवं घर उभं राहणार होतं. बुधू गवंडी उद्या दोरी धरणार होता, आणि मागली खोली जुन्या घरातल्याएवढीच हवी असा म्हातारीचा हट्ट होता.

"खोली तीच असंल तर तानी येईल," ती म्हणायची.

तानी तिची थोरली लेक. अडीच वर्षांची असताना तापाने गेली. मागल्या भिंतीलगत तिला मातीआड केलं, आणि पुढच्याच वर्षी धरणासाठी गाव उठलं. बाकी सगळं बैलगाडीतून आलं. तानी तिथेच राहिली.

नात काजल मुरबाडच्या कारखान्यात कॅमेऱ्याने लोखंडी कड्यांची मापं तपासायची. टेप धरायला दोघं लागतात, आणि सत्तरीपल्याडच्या आजीला गुडघाभर गाळात उतरणं शक्य नव्हतं. म्हणून तिने कॅमेरा नि लॅपटॉप आणला होता. सोबत काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पत्रा. एकेक चौकोन नेमका तीस मिलिमीटरचा. गाळ तुडवत जाऊन तिने तो जोत्यावर ठेवला.

"ह्यो सारीपाट कशाला गो?"

"कॅमेऱ्याला लहान-मोठं कळत नाय, आजी. जवळचा खडा नि लांबचा डोंगर त्याला सारखाच. हे चौकोन केवढे ते आपण सांगायचं, मग बाकीचं तो मोजतो."

"म्हंजे माझ्यापरीस येडाच की!"

काठावर बसून म्हातारी बोट दाखवत होती. इथं चूल. इथं जातं. तिथं भाताची कणगी, तिच्याआड मांजरीची पिल्लं. काजलला नुसते ओले दगड दिसत होते. वाळत्या गाळाचा वास दाटला होता.

पहिल्या फोटोत दगडांभोवती हिरव्या रेघा उमटल्या. मागली खोली बारा फूट दोन इंच बाय नऊ फूट. काजलने वहीत लिहून घेतलं.

मागल्या भिंतीच्या जागेलगत, जिथे काहीच नव्हतं, तिथेही एक लांबट चौकट आली होती. पाच फूट एक इंच.

सावली असेल. तिने लॅपटॉपवर पत्र्यावरचा चौकोन मोजून पाहिला. तीस मिलिमीटर. भिंग पुसलं, पुन्हा फोटो काढला.

पाच फूट एक इंच.

"काय झालं गो?"

"काय नाय. मागल्या भिंतीपाशी कायतरी पाच फुटांचं आडवं दाखवतोय. मशीन चुकतंय."

धोंडूबाईने मागल्या भिंतीच्या जागेकडे पाहिलं.

"मी बुधूला तानीचा कोपरा अडीच फुटांचा सांगितला," ती पुटपुटली. "पोरी काय तेवढ्याच ऱ्हातात?"

ती उठली, कॅमेऱ्यापुढून गाळाच्या कडेला गेली आणि जेवायला हाक मारावी तशी म्हणाली, "ताने, चल गो. घर बांधतोय."

पाणी हललं नाही. म्हातारी मागे वळली, तेवढ्यात काजलने तिसरा फोटो काढला.

खोली तेवढीच होती. भिंतीलगतची चौकट नव्हती.

धोंडूबाईभोवती एक उभी चौकट होती, चार फूट आठ इंच. तिला खेटून दुसरी.

पाच फूट एक इंच.

काजलने मान वर केली. आजी गावाच्या वाटेला लागली होती. पिशवी उजव्या हातात. डावा हात अंगापासून जरा दूर, बोटं अर्धी मिटलेली. आणि बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी असताना ती एका कडेने चालत होती.