दावा क्रमांक सात

त्या काळी माणसांचे कान निबर झाले होते. लिफ्ट बोलायची, फ्रीज बोलायचा, बँकेचं यंत्र सकाळ-संध्याकाळ फोन करून ख्यालीखुशाली विचारायचं. दूधवाल्याच्या गाडीलासुद्धा कुणीतरी मंजुळ आवाज बसवून दिला होता. सगळे आवाज गोड, सगळे अदबशीर, आणि त्यातला एकही कुणाच्या मनाला शिवत नसे. पालथ्या घड्यावर पाणी! लोक ऐकायचे, ‘हो हो’ म्हणायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे. विकणाऱ्यांची तोंडं सुकली होती. ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालील असा आवाज जो शोधून काढील, त्याच्या दारात गाड्यांची रांग लागेल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तो आवाज सापडला मिरजेच्या एका बालरुग्णालयात, आणि जिला सापडला तिला काहीच विकायचं नव्हतं.

डॉ. कुसुम मगदूम गेली तीस वर्षं अपुऱ्या दिवसांची बाळं वाचवत होत्या. त्यांनी वृंदा आरवाडेला बोलावून घेतलं. शोध लावणारा एक आणि त्याचं पेटंट लिहिणारा दुसरा, अशी या धंद्याची रीत आहे. वृंदा हे लिहिण्यात वाकबगार होती. तिच्या अर्जात खोट काढायची म्हणजे परीक्षकाला घाम फुटायचा, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता. तिला सातवा महिना लागला होता. नवरा श्रेणिक ‘आता घरी बस की’ म्हणून मागं लागला होता, तरी ती आलीच.

काचेच्या पेटीत ओंजळीत मावेल एवढं बाळ होतं. नर्स त्याच्याजवळ वाकून म्हणाली, “उठला का माझा राजा?” बाळ ढिम्म. डॉक्टरांनी साबणाच्या वडीएवढी एक डबी सुरू केली आणि नर्सला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी बाळाच्या आवळलेल्या मुठी हळूहळू सुटल्या. धापा टाकणारी छाती संथ झाली.

“आवाज तर तोच होता,” वृंदा म्हणाली.

“तोच. फक्त त्याला जवारी लावली.”

मिरजेच्या माणसाला जवारी समजावून सांगावी लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला, की कोरडी तार भरल्यासारखी गुंजायला लागते.

“बाळ पोटात असतं तेव्हा आईचा आवाज त्याला आपल्यासारखा हवेतून ऐकू येत नाही,” डॉक्टर सांगू लागल्या. “तो हाडातनं, मणक्यातनं, पाण्यातनं येतो. त्या वाटेवर त्याला एक अगदी बारीक थरथर चिकटते. बाळाचा मेंदू खूणगाठ बांधतो, की ही थरथर ज्याच्या आवाजात ते आपलं माणूस. मी तिला ‘आप्तकंप’ म्हणते. आता गंमत ऐक. मला वाटलं होतं, प्रत्येक आईची थरथर निराळी असणार. तशी नाही. जगातल्या सगळ्या आयांची एकच आहे. म्हणून ती मोजता येते, आणि कुणाच्याही आवाजात मिसळता येते.”

“मोठेपणी मेंदू ही खूण विसरत असेल ना?”

डॉक्टरांनी डबी पुन्हा सुरू केली. ती तोंडापाशी धरून त्या हळूच म्हणाल्या, “दमलीस गं. बस इथं. तुझा फोन उघडायचा आकडा काय आहे?”

वृंदानं आकडा सांगितला. अगदी सहज सांगितला. सांगताना तिला इतकं हलकं वाटलं, की अजून काही विचारलं असतं तर तेही तिनं आनंदानं सांगितलं असतं. डॉक्टरांनी डबी बंद केली, तेव्हा कुठं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“हे मी सांगितलं तुम्हाला?”

“सांगितलंस. आकडा बदलून टाक आजच.” डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. “मेंदू ती खूण मरेपर्यंत विसरत नाही, वृंदा. म्हणून तर तुला बोलावलंय. हे बाळांना मिळायलाच पाहिजे, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात जाता कामा नये.”

वृंदाचा हात नकळत पोटावर गेला.

लिहायचं काम डॉक्टरांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. आता विज्ञानातली मास्तरीण विद्यार्थिनी झाली.

“पेटंट म्हणजे सौदा असतो, मॅडम. तुम्ही तुमची विद्या हातचं काही न राखता जगाला सांगायची. बदल्यात वीस वर्षं तुमच्या परवानगीशिवाय कुणी ती वापरायची नाही. अर्जाचे मुख्य भाग दोन, विवरण आणि दावे. विवरण म्हणजे तुमच्या शेताचं वर्णन. दावे म्हणजे शेताचं कुंपण. वर्णन केलंत आणि कुंपणाबाहेर ठेवलंत, तर ते गायरान. कुणीही येऊन गुरं चारावीत.”

“मग बाळांपुरतं लिही. मोठ्या माणसांवर चालतं, हे लिहूच नको.”

“नाही लिहिलं तर दुसरा लिहील.”

डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला मंदार नुकताच पुण्यातल्या एका आवाज बनवणाऱ्या कंपनीत गेला होता. त्याला सगळं ठाऊक नव्हतं, पण वास लागला होता.

“त्यांना अडवायचं असेल तर एकच वाट आहे,” वृंदा म्हणाली. “मोठ्या माणसांवरचा वापरसुद्धा तुमचाच म्हणून मागायचा. दावा क्रमांक सात. ‘कोणत्याही वयाच्या श्रोत्याचा विश्वास संपादन करण्याकरिता आवाजात आप्तकंप मिसळण्याची रीत.’”

“म्हणजे लोकांना गंडवायची रीत माझ्या नावानं लिहितीस तू?”

“पेटंट म्हणजे वापरायचा परवाना नव्हे, मॅडम. दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे तो. तुम्ही मालकीण व्हा आणि वीस वर्षं कुणालाही देऊ नका. कुलूप आपलं, किल्ली विहिरीत!”

डॉक्टरांनी कागद तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, “लिही. पण थरथर नेमकी किती, ते लिहू नको. ‘सौम्य ठेवावी’ एवढंच लिही.”

“मग अख्खं पेटंट पडेल. बाळांचंही. माझ्या गुरूंचा नियम आहे, तुम्हाला कधी न भेटलेल्या कारागिरानं नुसतं तुमचं पान वाचून वस्तू बनवली पाहिजे. बनली नाही तर तुम्ही सौद्यात लबाडी केलीत.”

डॉक्टरांनी आकडे दिले. वृंदानं ते लिहिले, आणि इतके स्वच्छ लिहिले की वाचताना तिला स्वतःलाच बरं वाटलं. दाव्याला विवरणाचा आधार लागतो, नुसता हवेतला दावा टिकत नाही. म्हणून तिनं सातव्या दाव्याखाली उदाहरणं रचली. बँकेचा फोन कसा करता येईल, दारावरचा विक्रेता काय करील, सभेतला वक्ता आवाज कुठं चढवील आणि कंप कुठं वाढवील. चोराला सुचलं नसतं तेही तिनं शोधून शोधून लिहिलं. कुंपणात एक फट राहू नये, एवढाच तिचा ध्यास होता.

आणि मग तिनं घाई केली. एरवी असा अर्ज दीड वर्ष झाकलेला राहतो. पण झाकलेल्या अर्जाची तपासणी लवकर होत नाही. मंदारची कंपनी मागावर होती, बाळंतपण जवळ आलं होतं. त्यामुळं तिनं अर्ज लवकर उघडा करायची मागणी केली. उघडा झाला की वेळेत तपासणी, वेळेत मंजुरी. तिच्या धंद्यातल्या कुणीही हेच केलं असतं.

सुनावणी पडद्यावर झाली. परीक्षक टेंभुर्णे म्हणून होते, सभ्य, हळू बोलणारे. त्यांच्यापुढं अर्जाची पानं होती, आणि ती फार वेळा उलटलेली दिसत होती.

“पहिल्या सहा दाव्यांना हरकत नाही,” ते म्हणाले. “बाळांसाठीचं काम उत्तमच आहे. सातवा दावा मात्र नामंजूर करावा लागेल. समाजाला घातक असलेल्या वापरावर पेटंट देता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

हे कलम वृंदाला तोंडपाठ होतं. पण आजवर ते लागायचं दुसऱ्यांच्या अर्जांना, वाईट हेतूनं आलेल्यांच्या. आपण तर घातक वापर रोखायला निघालो आहोत, या एकाच विचारानं ते तिच्या डोळ्यांपुढून निसटलं होतं.

“साहेब, तो वापर होऊ नये म्हणूनच दावा केलाय. तुम्ही नाही म्हणालात तर तो कुणाचाच राहणार नाही. म्हणजे सगळ्यांचा होईल!”

“कळतंय मला.”

“मग?”

“कायदा अर्जदाराचं मन बघत नाही हो ताई, वस्तूचा वापर बघतो. उद्या तुमच्या डॉक्टरांनी ते पेटंट विकलं तर? सरकारनं लुबाडणुकीवर शिक्का मारून दिला असं होईल. खरं सांगू? तुमची उदाहरणं वाचल्यापासून मी घरच्या फोनची घंटी वाजली तरी दचकतो.”

“मग आम्ही अख्खा अर्ज मागं घेतो. आत्ता, या क्षणी.” तिच्या शेजारी बसलेल्या डॉक्टर पहिल्यांदाच बोलल्या.

टेंभुर्ण्यांनी चष्मा काढला. “अर्ज मागं घेता येतो, डॉक्टर. लोकांनी वाचलेलं मागं घेता येत नाही. हा अर्ज उघडा झाल्यापासून जितका वाचला गेलाय, तितका आमच्या कचेरीतला दुसरा कुठलाच वाचला गेलेला नाही. मागं घेतलात तर बाळांचंही जाईल, एवढंच.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. वृंदाला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, तशी ही गत. आणि किल्ली घासूनपुसून, कोणती कुठल्या कुलपाची ते लिहून तिनंच दिली होती.

बाळांचे सहा दावे मंजूर झाले. त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली, ऊर्वी.

जग एका दिवसात बदललं नाही. आधी बँकेचा फोन जरा बरा वाटू लागला. मग लिफ्ट ‘सांभाळून जा’ म्हणाली की डोळ्यांत पाणी यायला लागलं. मग लोकांनी जमिनी विकल्या, मतं दिली, औषधं बदलली, आणि विचारलं तर सांगत, ‘अहो, आपल्या माणसानं सांगितलं.’ बंदी घालावी म्हणून समिती बसली. बैल गेला नि झोपा केला! समितीपुढं जो तो आप्तकंप लावूनच बोलला, आणि समितीला सगळ्यांचंच पटलं.

वृंदा घरातल्या बोलणाऱ्या वस्तू बंद ठेवायची. पण भिंतींना कान असतात तसे आवाजांनाही पाय असतात. जिन्यातून, शेजारच्या खिडकीतून, रस्त्यावरच्या भोंग्यातून ते यायचेच. ऊर्वी सात महिन्यांची झाली तेव्हा वृंदाच्या लक्षात आलं, की पोर रडत असली आणि आपण गायलो तर ती आपल्याकडं बघतही नाही. खाली साबणाची जाहिरात लागली की गप्प होते, मान वळवते, हसते.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. स्वतःच्या फोनवर कंप लावायचा नाही असं ठरवलेली ती दोनच माणसं होती. त्यामुळं बोलणं दोघींनाही कोरडं वाटायचं.

“तुझ्या आवाजात आहे तो, वृंदा. अस्सल आहे. पण बारीक आहे,” डॉक्टर थकलेल्या स्वरात म्हणाल्या. “बाहेरचे त्याच्या शंभरपट लावतात. सूर्यापुढं पणती दिसेल का? पोरीचा दोष नाही. तिच्या लेखी सगळं जग आई आहे, आणि तू तेवढी परकी.”

“मग मी काय करू?”

“कंठी आण एक,” डॉक्टर म्हणाल्या.

श्रेणिकनं ती आधीच आणून कपाटात ठेवली होती. गळ्यात बांधायची, बोलाल त्यात आप्तकंप मिसळणारी. बायकोला सांगायचा धीर त्याला झाला नव्हता. वृंदानं खोका उलटा केला. मागं बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘फक्त मोठ्या श्रोत्यांसाठी. बारा महिन्यांखालील बालकास शांत करण्याकरिता आवाजात आप्तकंप मिसळण्याची रीत पेटंटने संरक्षित आहे. तसा वापर करू नये.’

वाक्य तिचंच होतं, पहिल्या दाव्यातलं, काना-मात्रेसह. अख्ख्या जगाला मोकळं रान मिळालं होतं आणि तिचं कुंपण एकाच माणसाला अडवत होतं, बाळाला निजवणाऱ्या आईला. डॉक्टरांनी तिला परवानगी नाकारली नसती, ते वेगळं. पण जगातल्या बाकीच्या आया कुणाला विचारणार होत्या?

पाळण्यात ऊर्वी रडून रडून लाल झाली होती. वृंदानं कंठी गळ्यात बांधली.

“ऊर्वी,” ती म्हणाली. “अगं, इकडं बघ की माझे बाई.”

रडणं थांबलं. मुलीनं मान वळवली, आईला पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं आणि हसत दोन्ही हात वर केले. वृंदानं तिला उचलून छातीशी धरलं. इतक्या महिन्यांनी पोरीचं डोकं खांद्यावर निवांत टेकलं होतं. तिला हुंदका आला, आणि कंठीनं तोही गोड करून दिला.

तेवढ्यात दारावरच्या भोंग्यातून कुणीतरी बोललं. बाप्याचा आवाज, अनोळखी. “ताई, मी आहे. दार उघडा ना.”

ऊर्वीनं खांद्यावरून डोकं उचललं, दाराकडं पाहिलं आणि हसली. आईकडं पाहून जशी हसली होती, तशीच.

तो कोण आहे, कशाला आलाय, हे विचारायचं असतं, आणि घरात आपण दोघीच आहोत, हे वृंदाला पक्कं ठाऊक होतं. उदाहरण क्रमांक दोनमध्ये हाच माणूस तिनं स्वतः लिहिला होता, दारावरचा. तिला ते वाक्यसुद्धा आठवलं. आठवलं तेव्हा ती दारापाशी पोचली होती, आणि कडी काढून झाली होती.