पांढऱ्या रश्श्याची पहिली चव

यात्रेच्या पांढऱ्या रश्श्याला उकळी आली तरी भावकीतलं कुणी पळीला हात लावत नसे. पहिली चव रंगराव आण्णांची. त्यांनी मान हलवली की पंगत बसायची, हा वाडीचा शिरस्ता. एकदा मीठ कमी म्हणून त्यांनी बसलेली पंगत उठवली होती, त्याचं कौतुक लोक अजून करतात.

यंदा मात्र आण्णांनी स्वतःसाठी डब्यातून मुगाची उसळ आणि नाचणीची भाकरी आणली होती. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना पथ्य सांगितलंच नव्हतं. हा गडी आठवडाभरही पथ्य पाळायचा नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी दिले रुचिजंतू. काय खावंसं वाटावं याचे निरोप आतड्यातले जंतूही मेंदूला धाडत असतात. जुने काढून भाजीपाल्याची ओढ लावणारे नवे वसवले, की पथ्य पाळावं लागतच नाही. झालंही तसंच. वजन उतरलं, रक्त निवळलं, आण्णा जोतिबाचा डोंगर न थांबता चढू लागले. जीव वाचला होता, यात वादच नव्हता.

"आण्णा, बघा की चव," धाकटा भाऊ तातोबा पळी पुढं करत म्हणाला.

आण्णांनी पळी ओठांपाशी नेली. किळस आली नाही, पण ते आपलं अन्न वाटेना. चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. सगळे टक लावून बघत होते. त्यांनी चाखल्यासारखं केलं, पळी तशीच हळूच वाटीत रिकामी केली आणि मिशांवरून हात फिरवला.

"झ्याक जमलाय. बसवा पंगत."

पंगत जेवली. बोलणं जरा बेतानंच झालं. भांडी निघाल्यावर आण्णांची बायको हौसाबाई त्यांच्याजवळ येऊन टेकली.

"अवं, रश्श्यात मीठच नव्हतं."

"आँ? मग कोण बोललं कसं न्हाई?"

"तुमी झ्याक म्हनला न्हवं! ज्येला त्येला वाटलं, आपलीच जीभ बिघडलीया."

आण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"काका, तुमचे जुने जंतू आम्ही शीतपेटीत जपून ठेवलेत. त्यांची मुदत आज संपतेय. परत सोडायचे, की नष्ट करायचे? सोडले तर जुनी ओढ येईल, पण जुना धोकाही येईल."

हौसाबाईनं ऐकलं आणि आण्णांचा हात धरला. "नगं म्हनून सांगा. मला तुमी पायजे. रस्सा गेला खड्ड्यात."

आण्णांनाही नकोच होते, अगदी मनापासून. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि थबकले.

"डॉक्टरीणबाई, मला नगंच वाटतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पर हे मी म्हंतोय, का तुमचं जंतू म्हंत्यात, हे कुणाला इचारू?"