काठ्या पुऱ्या, माणसं पुरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण आदिल माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि उगाच बाता मारणारा माणूस नाही. कुवेतमधल्या एका क्लिनिकमध्ये तो एक्स-रे काढतो. जे दिसतं तेवढंच सांगायची त्याला सवय.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार. सकाळचे सात. कुवेत शहराबाहेर, सुलैबिया वस्तीच्या पलीकडचं वाळूचं ग्राउंड.

धुकं इतकं, की समोरचा गोलपोस्टही दिसेना.

कोकणातल्या पोरांनी चाळीस वर्षांपूर्वी इथे हॉकी क्लब काढला. त्याची स्मरणिका छापायची होती आणि क्लबचा इतिहास लिहायचं काम आदिलच्या गळ्यात पडलं होतं. पहिले कॅप्टन त्याचे अब्बा, फारूक. आता दापोलीला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, याने लिहिलं.

एकाच वाक्यापाशी त्याचं मन अडत होतं.

‘१९९० साली इराकी फौज आली तेव्हा गोलकीपर बदरुद्दीन स्वतःच्या मर्जीने मागे राहिले.’

बदरुद्दीन पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांची बायको फखरुन्निसा दापोलीतच आहे. नवरा आपल्याला टाकून तिथेच राहिला, हे ती पस्तीस वर्षं ऐकतेय. आता ते छापून येणार होतं. रविवारी पानं प्रेसला जाणार होती.

त्या सकाळी आदिल धरून दहा जण आले. गोलकीपर आलाच नाही. गोल रिकामाच ठेवून खेळ सुरू झाला.

आणि मग...

खट.

खट.

खट.

लोखंडी खांबावर कुणीतरी स्टिक आपटत होतं. रिकाम्या गोलमधून!

आदिलच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण हे त्याने स्वतःच आदल्या दिवशी लिहिलं होतं. खेळ सुरू झाला, की बदरुद्दीन खांबावर तीनदा स्टिक आपटायचे. मी हाय, असं सांगायला.

“आटपा! चला, निघू या!” तो ओरडला.

सगळे मिनीबसकडे पळाले. क्लबची जुनी रीत अशी, की निघताना प्रत्येकाने आपली स्टिक मोठ्या बॅगेत टाकायची आणि कॅप्टनने मोजायची. स्टिक वाळूत हरवायच्या, म्हणून अब्बांनीच ही रीत पाडलेली. काठ्या पुऱ्या, माणसं पुरी.

आता कॅप्टन आदिलच. त्याने घाईघाईत मोजल्या. दहा.

बस निघाली.

पाचच मिनिटांत फोन वाजला. तौफीक. क्लबमध्ये येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

“आदिलभाय, मला टाकून कुठे निघालात? मी बॉल आणायला गेलेलो!”

“तुझी स्टिक?”

“हातात हाय ना माझ्या.”

आदिलने बॅगेकडे पाहिलं. पुन्हा मोजल्या.

दहा...

त्यातली एक लाकडी होती. जुनी, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. आता सगळ्यांच्या स्टिक फायबरच्या. ही कुणाचीच नव्हती.

बस परत फिरली. तौफीक रिकाम्या गोलजवळ उभा होता. एकटाच.

“घाबरलास काय रे?”

“नाय. ते चाचा होते ना सोबत. पायाला पॅड बांधलेले. मला म्हणाले, थांब, मोजणीत चुकलेत. येतील परत.”

आजूबाजूला कुणी नव्हतं. वाळूत फक्त तौफीकच्याच बुटांचे ठसे...

आदिलने तिथूनच अब्बांना फोन लावला. सगळं सांगितलं.



मग अब्बा बोलले. “तो मर्जीने नाय राहिला. जॉर्डनमधनं, अम्मानहून घरचं विमान धरायचं होतं. तिकडे जाणाऱ्या बससाठी आम्ही ग्राउंडवर जमलेलो. स्टिक संगती घेतलेल्या, रस्त्यात हाताशी कायतरी असावं म्हणून. त्याने आपली बॅगेत टाकली नि आमच्यासाठी पाणी आणायला गेला. ड्रायव्हर घाई करत होता. मी स्टिक मोजल्या. अकरा. बोललो, चलो.”

“कळल्यावर परत का नाही गेलात?”

“दोन तास झालेले. भ्यालो मी. सगळ्यांना सांगितलं, तोच नको बोलला. फखरुन्निसालाही तेच सांगितलं.”

मग खूप हळू विचारलं, “तो... माझ्यावर रागावलेला काय?”

आदिलने तौफीककडे पाहिलं. “चाचा अजून काही बोलले?”

“हां. एकच विचारलं,” तौफीक म्हणाला. “फारूक पोचला काय घरी?”

फोनवर म्हातारा माणूस हमसून हमसून रडत होता.

आदिलने ते वाक्य काढलं आणि खरं ते लिहिलं. छापायच्या आधी, आदिलने पाठवलेलं ते पान हातात घेऊन अब्बा स्वतः फखरुन्निसाच्या दारात गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.  पान ठेवून घेतलं.

आता आदिल स्टिक मोजत नाही. एकेकाचं नाव घेतो, तोंड बघतो, मगच बस सोडतो.

तरी धुक्याच्या दिवशी इंजिन सुरू झालं, की मागून येतंच...

खट. खट. खट.

तो बस थांबवतो. खाली उतरून बघतो. कुणी नसतं.

पण निघताना, आपण कुणालाच मागे सोडलेलं नाही, असं त्याला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.