विवराचा घास

प्रयोगशाळेत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण बाईंना कुणाचं काही चुकलेलं बघवत नसे. समीकरणात उणे चिन्ह राहिलं तरी बोलणार आणि दार नीट लागलं नाही तरी बोलणार. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांशी मात्र ती कित्येक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होती. कृष्णविवर झिजून संपलं, की त्यानं गिळलेलं जातं कुठे?

"पुसलं जातं. कायमचं," सर म्हणायचे.

"छट्! विस्कटतं फक्त. बाहेर झिरपणाऱ्या खरखरीत सगळं असतं. जुळवायची अक्कल हवी."

ही अक्कल पारखायला त्यांनी तळघरात एक विवर तयार केलं होतं. आकाशातलं नव्हे हो, टेबलावरचं. लेझरनं भयंकर थंड केलेल्या वायूचा एक केसाएवढा धागा होता, आणि त्यात एका जागी वायू आवाजापेक्षा जोरात धावायचा. त्या काठापलीकडे गेलेला आवाज परत फिरूच शकत नसे. ओढीच्या पाण्यात सापडलेल्या माशासारखा तो आत आत जाई. काठावरून मात्र बारीक खरखर झिरपत राही, आणि तेवढ्यानंच विवर झिजत झिजत नाहीसं होई.

दर खेपेला विवराला एक आवाज देत. त्याला म्हणायचे घास. नियम एकच, आणि तो मास्तरणीनंच हट्टानं लावलेला: घास आत गेला की मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं. मूळ जवळ असलं की माणूस खरखरीत हवं तेच ऐकतो, असं तिचं म्हणणं.

या खेपेचा घास तिच्या आईचा आवाज होता. फोनवर तिला झापणारी आई. "ओले केस घेऊन हिंडतेस, हट्टी कुठली!" जन्मापासून कानात बसलेला आवाज, कितीही विस्कटला तरी ओळखेन, असा तिचा हिशेब. सकाळी तिनं तो आत सोडला, मूळ पुसलं, आणि हेडफोन चढवून ऐकत बसली.

थोड्या वेळानं हेडफोन काढला, तर तिला खोलीत काहीतरी कमी वाटायला लागलं. पंप घरघरत होता, पंखाही चालू होता. मग लक्षात आलं.

"काय रे लेझरबुवा, आज शीळ बंद?"

लेझर सांभाळणारा तो गडी आरसे पुसता पुसता वळला. "कसली शीळ?"

"दिवसभर आमचं डोकं उठवतोस ती! गेल्या खेपेला घास म्हणून दिलीस की."

"मला शीळ येत नाही, मास्तरीणबाई. लहानपणापासून येत नाही. घरचे अजून चिडवतात." त्यानं ओठांचा चंबू करून फुंकर मारली. नुसती हवा निघाली.

"फिरकी घेतोस होय माझी? सर, सांगा की याला."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गेल्या खेपेला आपण घास दिलाच नव्हता. आधी रिकामं चालवून बघू, असं तूच म्हणालीस."

दोघांच्याही चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तिनं ती शीळ मनात आठवून बघितली. शीळ होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण चाल? चाल काही केल्या आठवेना.

समोर पडद्यावर विवराचा आकार दाखवणारी रेघ सकाळच्या निम्मी झाली होती.

तिनं घरी फोन लावला.

"बोल गं," आई म्हणाली. आवाज अगदी बसका, जीर्ण.

"आई, काय झालं आवाजाला?"

"घसा धरलाय सकाळपासून. गरम पाणी पितेय. आणि तू एवढी घाबरलीस कशाला?"

"बोलत राहा. काहीही बोल, पण फोन ठेवू नकोस." तिनं फोनवर हात धरला. "सर, बंद करा हे. आत्ताच्या आत्ता!"

"लेझर बंद केला तर धागा त्याच क्षणी विखरेल. आत असेल ते गेलंच म्हणून समज." सर गोंधळले होते. "आणि खरखरीतून सगळं परत मिळतं म्हणतेस ना? मग शोध की."

ती शोधू लागली. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला फोन. आयुष्यभर शिकलेल्या सगळ्या युक्त्या तिनं लावून बघितल्या. खरखर उलटी केली, कापली, तुकडे एकमेकांवर ठेवले. कुठेच काही जुळेना. आपण आपल्या आईलाच यात ढकललं, या विचारानं तिला रडू फुटलं.

"आई?"

"ऐकतेय..."

"ओरड ना माझ्यावर. केसांवरून ओरड."

"हट्टी..." आई बहुतेक हसली.

रेघेचं टिंब झालं.

टिंब गेलं.

आता दोन्ही कानांत एकच खरखर होती.

भर दुपारी ती धावत सुटली. बसमध्ये आईचं ते वाक्य पुटपुटत राहिली, आईच्याच सुरात, पुन्हा पुन्हा. घराच्या जिन्यापाशी पोचेपर्यंत शब्द उरले होते. सूर तिचा स्वतःचा होता.

बाबांनी दार उघडलं.

"बाबा, आईचा आवाज..."

"कुणाचा?" बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "बरी आहेस ना? अगं, आईला कधी बोलता आलंय का?"

खिडकीपाशी सदऱ्याला बटण लावत बसलेली आई लेकीला बघून उठली. सुई बाजूला ठेवून तिनं भराभरा हात हलवले. बोटं हनुवटीपाशी नेली, मग मूठ उघडली.

का रडतेस?

मास्तरणीला ते कळलं. ही भाषा तिला कुणी शिकवली नव्हती, तरी कळलं.

तिचे हात आपसूक वर आले आणि सराईतपणे उत्तर देऊ लागले. आईनं मध्येच तिचं मनगट धरलं आणि तिची करंगळी हळूच सरळ केली.

आणि मास्तरणीला आठवलं, की खुणा करताना ती करंगळी आपली लहानपणापासून वाकडीच राहते.